विश्लेषण : जागा १५९, पण तिजोरी तीच! श्रीलंकेच्या ‘बदला’कडून किती अपेक्षा ठेवायच्या?

२३ सप्टेंबर २०२४ रोजी कोलंबोत अध्यक्षपदाची शपथ घेतल्यानंतर अनुरा कुमार दिसानायके यांनी देशाला सांगितले, की आपण जादूगार नाही, साधे नागरिक आहोत. काही गोष्टी आपल्याला कळतात, काही कळत नाहीत, असेही ते म्हणाले. विजयाच्या दिवशी नेते सहसा असे बोलत नाहीत. लोकांनी मात्र हे फारसे मनावर घेतले नाही. आठ आठवड्यांनी झालेल्या संसदीय निवडणुकीत त्यांच्या आघाडीला २२५ पैकी १५९ जागा मिळाल्या. त्यानंतर वीज बिल किती कमी झाले, भ्रष्ट नेते तुरुंगात गेले का, पगार वाढला का, असे प्रश्न सुरू झाले आणि ते थांबलेले नाहीत. यातल्या कोणत्या बाबतीत सरकारला वेळ द्यायला हवा आणि कोणत्या बाबतीत नको?

ही निवडणूक ऐतिहासिक का मानली जाते?

आकडेच पुरेसे बोलके आहेत. २०१९च्या अध्यक्षीय निवडणुकीत दिसानायके यांना ३.१६ टक्के मते होती. २०२०च्या संसदेत त्यांच्या नॅशनल पीपल्स पॉवर (एनपीपी) या आघाडीचे तीन सदस्य होते, तर राजपक्षे कुटुंबाच्या पक्षाकडे १४५ जागा होत्या. नोव्हेंबर २०२४मध्ये एनपीपी तीनवरून १५९वर गेली आणि राजपक्षेंचा पक्ष १४५वरून तीनवर आला. जणू कोणी पाटी उलटी धरली!

एनपीपीचा कणा असलेला जनता विमुक्ती पेरामुना (जेव्हीपी) हा डावा पक्ष. १९७१ आणि १९८७-८९ अशी दोन सशस्त्र बंडे त्याच्या नावावर आहेत. दुसऱ्या बंडाच्या काळात भारत-श्रीलंका कराराला आणि तिथल्या भारतीय शांतिसेनेला त्याचा कडवा विरोध होता. त्या पक्षाचा नेता मतपेटीतून अध्यक्ष होतो, पहिल्या परदेश दौऱ्यासाठी दिल्लीला येतो आणि पंतप्रधानपदी हरिणी अमरसूर्या या प्राध्यापक महिलेला बसवतो, हे दहा वर्षांपूर्वी कोणी सांगितले असते तर हसण्यावारी नेले गेले असते.

सर्वांत मोठा धक्का उत्तरेत बसला. तमिळबहुल जाफना जिल्ह्यात सहापैकी तीन जागा एनपीपीने जिंकल्या. दक्षिणेतल्या सिंहली पायाच्या पक्षाने तिथे पहिला क्रमांक मिळवण्याची ही पहिलीच वेळ. २२ निवडणूक जिल्ह्यांपैकी फक्त बट्टिकलोआ हातातून निसटला.

मग कौल एकमुखी होता का?

नव्हता, आणि हे विजयाच्या गुलालात विसरले गेले. श्रीलंकेत अध्यक्ष निवडताना मतदाराला तीन पसंतिक्रम देता येतात. पहिल्या फेरीत कोणालाही निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर पहिले दोन उमेदवार वगळून बाकीच्यांच्या मतपत्रिकांवरील पुढची पसंती मोजली जाते. २०२४मध्ये ही वेळ इतिहासात प्रथमच आली. दिसानायके यांना पहिल्या फेरीत ४२.३१ टक्के मते होती. नंतर जाहीर झालेला ५५.८९ टक्के हा आकडा फक्त शेवटच्या दोघांमधला आहे. बहुतेकांनी दुसरी पसंती लिहिलीच नव्हती, त्यामुळे मोजणीच्या दुसऱ्या टप्प्यात त्यांची मते जेमतेम लाखभराने वाढली.

म्हणजे सप्टेंबरमध्ये निम्म्याहून अधिक मतदारांनी दुसऱ्या कोणाला तरी पसंती दिली होती. नोव्हेंबरमध्ये मतदान ७९ टक्क्यांवरून ६९ टक्क्यांवर घसरले, तरी एनपीपीची मते सुमारे ५६ लाखांवरून ६८ लाखांवर गेली. ही वाढलेली मते कट्टर कार्यकर्त्यांची नव्हती. ‘यांना एकदा संधी देऊन पाहू’ म्हणणाऱ्यांची होती. असा मतदार लवकर येतो आणि लवकर जातोही.

लोक एवढे चिडले होते कशावर?

जुलै २०२२ मधले कोलंबोचे व्हिडीओ आपल्याकडेही मोबाइलवर फिरले होते. अध्यक्षांच्या निवासस्थानात शिरलेली गर्दी, जलतरण तलावात उड्या मारणारी पोरे. त्या चित्रांमध्ये गंमत दिसली, त्यामागचे महिने दिसले नाहीत. एप्रिल २०२२मध्ये देशाने परकीय कर्जाची परतफेड थांबवली. पेट्रोलसाठी लोक दिवस दिवस रांगेत उभे होते, स्वयंपाकाचा गॅस मिळत नव्हता, रुग्णालयांत औषधे नव्हती. सप्टेंबर २०२२मध्ये महागाईचा दर ७० टक्क्यांच्या घरात होता. भारताने त्या वर्षी सुमारे ४ अब्ज डॉलरची मदत दिली नसती, तर हाल आणखी वाढले असते.

या संकटाला करोना आणि युक्रेन युद्धाचा हातभार लागला, पण मूळ घरचेच होते. अध्यक्ष गोताबाया राजपक्षे यांनी २०१९च्या अखेरीस करांत मोठी कपात केली. मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून थेट ८ टक्क्यांवर आणला. तिजोरी आटली. २०२१मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली आणि शेती कोलमडली. एक लक्षात ठेवण्यासारखे आहे, की करकपात हे त्यांच्या निवडणुकीतले आश्वासन होते आणि ते त्यांनी पाळले होते. आश्वासन पाळले जाणे आणि लोकांचे भले होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे श्रीलंकेला एवढी किंमत मोजून कळले.

नव्या सरकारच्या हातात किती मोकळीक आहे?

फारच थोडी. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने मार्च २०२३मध्ये सुमारे ३ अब्ज डॉलरचा चार वर्षांचा कार्यक्रम मंजूर केला. त्याची मुख्य अट म्हणजे सरकारने दरवर्षी ‘प्राथमिक शिल्लक’ दाखवायची. व्याज बाजूला ठेवून बाकीचा सगळा खर्च भागवल्यावर जे उरते, ती ही शिल्लक. २०२५साठी ती सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.३ टक्के ठरलेली. घरातल्या हिशेबात सांगायचे तर किराणा, शाळेची फी, वीज, औषधे सगळे भागवून पगारातून ठरावीक रक्कम बाजूला पडलीच पाहिजे, कारण हप्ते त्यातूनच जायचे आहेत. २०२३मध्ये सरकारच्या महसुलातला तीन चतुर्थांशाहून अधिक भाग नुसत्या व्याजात गेला होता. अशा घरात नवा कर्ता आला म्हणून पगार वाढत नाही.

रोख्यांच्या मालकांशी कर्जफेरचनेचा तत्त्वतः करार जाहीर झाला १९ सप्टेंबर २०२४ रोजी, म्हणजे मतदानाच्या दोनच दिवस आधी. नाणेनिधीशी नव्याने वाटाघाटी करू, असे एनपीपी प्रचारात सांगत होती. सत्तेवर आल्यावर तिने हा करार स्वीकारला आणि डिसेंबरमध्ये रोख्यांची अदलाबदल पूर्णही केली. टीकाकारांनी याला कोलांटउडी म्हटले. ती होतीच. परंतु करार मोडला असता तर पुन्हा गॅसच्या रांगा लागल्या नसत्या, याची हमी टीकाकारांपैकी कोणी दिली नाही.

विजेचे उदाहरण घ्या. बिल सुमारे एक तृतीयांशाने कमी करू, असे प्रचारात सांगितले गेले. जानेवारी २०२५मध्ये दर सरासरी २० टक्क्यांनी उतरले आणि टाळ्या पडल्या. जूनमध्ये ते १५ टक्क्यांनी चढले आणि शिव्या पडल्या. आता साधे गणित करा. १०० रुपयांचे बिल आधी ८० झाले, मग ८०च्या १५ टक्क्यांनी वाढून ९२ झाले. म्हणजे आठ रुपये वाचले. सरकारने ‘२० टक्के कपात’ मोठ्याने सांगितली, विरोधकांनी ‘१५ टक्के वाढ’ मोठ्याने सांगितली, आणि ९२ हा खरा आकडा कोणीच सांगितला नाही. उत्पादनाचा खर्च निघेल एवढा दर ठेवा, ही नाणेनिधीची अट असताना एक तृतीयांश कपातीचे आश्वासन द्यायलाच नको होते.

इतरत्र सुटका मिळाली तीही बेताची. प्राप्तिकरमुक्त उत्पन्नाची मर्यादा एप्रिल २०२५पासून दरमहा एक लाखावरून दीड लाख श्रीलंकन रुपये झाली. २०२०पासून बंद असलेली खासगी वाहनांची आयात सुरू झाली. या दोन्हींचा फायदा ज्यांच्याकडे काही आहे त्यांना. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२४मध्ये देशातील जवळपास चौथा हिस्सा लोक गरिबीत होते. २०१९च्या तुलनेत हे प्रमाण दुप्पट आहे. त्यांना ना मोटार घ्यायची होती, ना त्यांना प्राप्तिकर लागत होता.

म्हणजे सरकारला सगळेच माफ करायचे का?

इथेच दोन हिशेब वेगळे ठेवायला हवेत. काही आश्वासनांना पैसा लागतो. त्या बाबतीत नाणेनिधी, कर्ज, व्याज ही कारणे खरी आहेत आणि लोकांनी धीर धरणे रास्त आहे. पण काही आश्वासनांना रुपयाही लागत नाही. त्यांना लागते संसदेतले बहुमत आणि इच्छा. १५० जागांवर दोन तृतीयांश बहुमत होते, यांच्याकडे १५९ आहेत. तिथे ‘तिजोरी रिकामी आहे’ हे उत्तर चालत नाही.

या दुसऱ्या खात्यात जमेला काही निश्चित आहे. माजी अध्यक्षांच्या सवलती काढून घेणारा कायदा सप्टेंबर २०२५मध्ये झाला आणि महिंदा राजपक्षे यांनी कोलंबोतला सरकारी बंगला सोडला. पोलीस महानिरीक्षकांना संसदेने मतदान करून पदावरून दूर केले. माजी अध्यक्ष रानिल विक्रमसिंघे यांना सार्वजनिक निधीच्या गैरवापराच्या आरोपावरून ऑगस्टमध्ये अटक झाली. पुढे त्यांना जामीन मिळाला. त्यांच्यावरील आरोप सिद्ध व्हायचा आहे, पण माजी अध्यक्षाच्या दारात पोलीस जाऊ शकतात, हे त्या देशाने प्रथमच पाहिले. उत्तरेत पलाली-अच्चुवेली हा लष्कराच्या ताब्यातला रस्ता तीन दशकांहून अधिक काळानंतर खुला झाला. ज्या गावांना इतकी वर्षे वळसा पडत होता, त्यांच्यासाठी ‘बदल’ म्हणजे हा रस्ता.

नावे बाजूची यादी मात्र जड आहे. दहशतवाद प्रतिबंधक कायदा १९७९मध्ये तात्पुरता म्हणून आणला गेला. आरोपपत्राशिवाय दीर्घकाळ डांबून ठेवण्याची मुभा देणारा हा कायदा रद्द करू, असे एनपीपीने लिहून दिले होते. २०२५ संपले तेव्हा तो लागू होता आणि वापरातही होता. प्रांतिक परिषदांच्या निवडणुका २०१४नंतर झालेल्याच नाहीत. सगळ्या प्रांतांचा कारभार राज्यपाल पाहतात. २०१७च्या कायदाबदलाने मतदारसंघांची फेररचना अडकली, ही अडचण आहेच, परंतु ती संसदेने साध्या बहुमताने सोडवण्यासारखी आहे. १३व्या घटनादुरुस्तीतून, म्हणजे भारताशी झालेल्या १९८७च्या करारातून या परिषदा आल्या आणि जेव्हीपीचा जुना राग त्या करारावरच आहे. त्यामुळे इथली दिरंगाई निव्वळ तांत्रिक आहे, यावर जाफन्यात कोणी विश्वास ठेवत नाही. मार्च २०२५मध्ये उत्तरेतील जमिनींबाबत राजपत्र काढून सरकारने तो अविश्वास स्वतःच्या हाताने वाढवला. विरोध झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ते मागे घ्यावे लागले.

अध्यक्षपदाचे अधिकार कमी करणार होते, त्याचे काय?

या प्रश्नाला श्रीलंकेत एक वेगळीच दमछाक आहे. १९७८च्या घटनेने सर्वाधिकारी अध्यक्षपद आणले. ते रद्द करू, असे चंद्रिका कुमारतुंगा यांनी १९९४मध्ये सांगितले आणि २००५पर्यंत त्याच पदावर राहिल्या. २०१५मध्ये मैत्रीपाल सिरिसेना ‘सुशासन’ हा शब्द घेऊन आले. तेव्हाही निवडणूक ऐतिहासिक होती, तेव्हाही लोक रस्त्यावर नाचले. १९व्या घटनादुरुस्तीने अध्यक्षांचे अधिकार छाटले गेले, हे सिरिसेना यांचे खरे काम. पण ऑक्टोबर २०१८मध्ये त्यांनीच पंतप्रधान विक्रमसिंघे यांना अचानक हटवून महिंदा राजपक्षे यांना बसवले. न्यायालयाने तो डाव उधळला. पुढच्याच वर्षी कंटाळलेल्या मतदाराने ‘एक खंबीर माणूस हवा’ म्हणत गोताबाया राजपक्षे यांना निवडले आणि त्यांनी २०व्या दुरुस्तीने सगळे अधिकार परत मिळवले. २०२२च्या दुरुस्तीने त्यातले काही पुन्हा कमी झाले.

हा इतिहास दिसानायके यांच्यासाठी इशारा आहे, तसाच मतदारांसाठीही. २०१५ची आशा विरली ती महागाईमुळे कमी आणि आपल्याच माणसांच्या वागण्यामुळे जास्त. एनपीपीच्या पहिल्या फजितीचे कारणही तेच होते. संसदेच्या नव्या सभापतींना डॉक्टरेटच्या दाव्याचा पुरावा देता आला नाही आणि डिसेंबर २०२४मध्ये, निवडून आल्यावर काही आठवड्यांतच, त्यांना राजीनामा द्यावा लागला. सरकारचे समर्थक म्हणाले, पूर्वीच्या राजवटीत एवढ्यावरून कोणी राजीनामा दिला असता का? मुद्दा बरोबर आहे. पण प्रामाणिकपणा हेच भांडवल म्हणून आलेल्या पक्षाला मागच्यांपेक्षा बरे असणे पुरत नाही.

मतदारांनी आतापर्यंत काय सांगितले आहे?

मे २०२५मध्ये ३३९ स्थानिक संस्थांच्या निवडणुका झाल्या. एनपीपी पहिल्या क्रमांकावर राहिली, पण मते ६१.५६ टक्क्यांवरून ४३.२६ टक्क्यांवर आली. सुमारे ६८ लाखांची ४५ लाख झाली. सहा महिन्यांत २३ लाख मते कमी! स्थानिक निवडणुकीत मतदान कमी होते आणि गल्लीतला उमेदवार पाहून मत दिले जाते, हे मान्य करूनही आकडा लहान नाही. जाफना भागात तमिळ पक्ष पुन्हा पुढे आले.

सरकारविरोधी माध्यमांनी याला भ्रमनिरास म्हटले. दुसरी बाजू अशी, की ४३ टक्के म्हणजे सप्टेंबर २०२४च्या पहिल्या फेरीपेक्षा किंचित जास्तच. नोव्हेंबरचा फुगवटा ओसरला आणि पाया जागेवर राहिला, असेही ते वाचता येते. उत्तरेतली घसरण मात्र या स्पष्टीकरणात बसत नाही. तिथे लोकांनी बिलावर मत दिले नव्हते. जमीन, बेपत्ता नातेवाईक आणि प्रांतिक निवडणुका यांवर दिले होते. म्हणजे पैसे न लागणाऱ्या यादीवर.

त्यातच ‘दितवा’ आले...

नोव्हेंबर २०२५च्या अखेरीस ‘दितवा’ चक्रीवादळाने बेटाला झोडपले. ६००हून अधिक बळी गेले. सर्वाधिक फटका मध्य डोंगराळ भागाला बसला. दरडी कोसळल्या, रस्ते आणि रेल्वेमार्ग वाहून गेले. जागतिक बँकेने थेट नुकसानीचा प्राथमिक अंदाज सुमारे ४.१ अब्ज डॉलर दिला, म्हणजे नाणेनिधीच्या चार वर्षांच्या कार्यक्रमाहून अधिक. नाणेनिधीने डिसेंबरमध्ये तातडीचे सुमारे २० कोटी डॉलर मंजूर केले, भारतानेही मदतपथके आणि निधी पाठवला. पण पुनर्बांधणीचा मोठा भार त्याच तिजोरीवर पडणार आहे.

याच डोंगरांत चहाचे मळे आहेत. इंग्रजांच्या काळात तमिळनाडूतून नेलेल्या मजुरांचे वंशज आजही तिथे पाने खुडतात आणि अनेक कुटुंबे अजून वसाहतकालीन चाळवजा खोल्यांत राहतात. त्यांची रोजची मजुरी १,३५० श्रीलंकन रुपये होती. २०२६च्या अर्थसंकल्पाने ती जानेवारीपासून १,७५० केली. त्यातले २०० रुपये सरकार हजेरीभत्ता म्हणून देणार. वर्षानुवर्षे मागितलेली ही वाढ अर्थसंकल्पात आली आणि काही आठवड्यांत वादळाने मळ्यांवरच दरडी आणल्या. या मजुरांना मजुरीइतकीच जुनी असलेली घरासाठीच्या जमिनीची मागणी आता अधिक तातडीची झाली आहे. घर बांधायला पैसा लागेल, पण मळ्याच्या जमिनीचा तुकडा मजुराच्या नावावर करणे हा मुख्यतः निर्णय आहे.

आता पुढे काय?

नाणेनिधीचा कार्यक्रम मार्च २०२७मध्ये संपतो. दुसऱ्या देशांकडून घेतलेल्या कर्जाच्या मुद्दलाची परतफेड २०२८पासून सुरू व्हायची आहे. तोपर्यंत परकीय चलनाची गंगाजळी पुरेशी वाढवणे ही सरकारची खरी आर्थिक परीक्षा. अध्यक्षांची मुदत २०२९च्या उत्तरार्धापर्यंत आहे. महसूल, वीजदर, रोजगार यांचा हिशेब या तारखांपाशी मागणे योग्य होईल. दहशतवाद प्रतिबंधक कायदा आणि प्रांतिक निवडणुकांना यातली कोणतीही तारीख लागू होत नाही. त्यासाठी लागणारे १५९ हात नोव्हेंबर २०२४पासून संसदेत बसलेले आहेत.